रुपयाचे नवे रूप : डिजिटल चलनाचे भवितव्य व त्यातील धोके

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली. तोपर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे व पैशाच्या तीन पै असा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. नव्या पद्धतीत रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यासाठीचा कायदा संसदेने १९५५ साली केला आणि नाणी टांकसाळीने पाडली. परंतु सहा आण्यांचे नवे पैसे किती, हा प्रश्न अखेर गणिताच्या तासालाच येऊन ठेपला. आणे-पैची उदाहरणे मागे पडली, दशांश अपूर्णांकास व्यवहारात मानाचे स्थान मिळाले, आणि १ जून १९६४ पासून पैशामागचे ‘नवा’ हे विशेषणही गळाले. नवे चलन अंगवळणी पडावयास सात वर्षे लागली, आणि त्यात प्राथमिक शाळेचा वाटा लहान नव्हता.

आज रुपया पुन्हा रूप पालटीत आहे. या वेळी त्याचे भाग बदललेले नाहीत. हातात धरावयाची, मुठीत मिटावयाची वस्तूच नाहीशी होऊन तिची जागा मोबाइलच्या पडद्यावरील आकडा घेत आहे. गावातील किराणा दुकानावर, आठवडे बाजारात भाजीच्या पाटीशेजारी, एवढेच नव्हे तर यात्रेतील खेळण्यांच्या पालावरही क्यूआर चौकोनाची पाटी दिसू लागली आहे. अशा वेळी ‘डिजिटल चलन’ म्हणजे नेमके काय, त्याचे भवितव्य काय व त्यात धोके कोणते, हे शिक्षकास माहीत असणे अगत्याचे आहे. कारण या विषयावर ग्रामस्थ ज्याला विचारतात, अशा थोड्या माणसांपैकी तो एक आहे.

१. चलन म्हणजे वचन

कागदाच्या तुकड्यास स्वतःची किंमत नसते. शंभर रुपयांच्या नोटेवर तेवढी रक्कम देण्याचे वचन छापलेले असून त्याखाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची स्वाक्षरी असते. त्या वचनावर सर्वांचा विश्वास आहे म्हणून शेतकरी धान्याचे पोते देऊन तो कागद घेतो. चलनाचे मर्म त्यामागील वचनात असते. धातू, कागद व आकडा ही केवळ त्याची वस्त्रे होत.

वचन दुबळे असले तर काय होते, याचे उदाहरण इयत्तेच्या इतिहासातच आहे. देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी हलविणाऱ्या महंमद तुघलकाने इ. स. १३३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालविली. कल्पना चुकीची नव्हती. आजची सर्व नाणी त्याच तत्त्वावर चालतात. परंतु नाण्याची नक्कल होणार नाही अशी तजवीज त्याने केली नाही. खोटी नाणी घरोघरी पडू लागली, व्यापार डळमळला आणि अखेर सुलतानाला खजिन्यातील चांदी देऊन ती नाणी परत घ्यावी लागली. युरोपात स्टॉकहोम येथील एका बँकेने १६६१ साली कागदी नोटा काढल्या. तेथे दोष वेगळा होता. परतफेडीची ऐपत नसताना बँक नोटा काढीतच राहिली व थोड्याच वर्षांत बुडाली. त्यानंतर १६६८ साली जी बँक स्थापन झाली, तीच आज स्वीडनची मध्यवर्ती बँक आहे.

या दोन उदाहरणांवरून कोणत्याही नव्या चलनास लावावयाचे तीन प्रश्न हाती येतात. हे वचन कोणी दिले आहे? त्याची नक्कल किंवा बेसुमार वाढ होणार नाही, याची व्यवस्था काय? वचन मोडल्यास दाद कोठे मागावयाची?

२. एका नावाखालील तीन गोष्टी

बोलण्यात ज्यास सरसकट डिजिटल पैसा म्हणतात, त्यात वस्तुतः तीन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत होते, व बहुतेक नुकसान या गल्लतीतून होते.

पहिली गोष्ट यूपीआय. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ही पद्धत २०१६ च्या एप्रिलमध्ये सुरू केली. हे नवे चलन नव्हे. आपल्या बँकखात्यातील ठेव दुसऱ्याच्या खात्यात तत्काळ पोचविण्याचा तो एक मार्ग आहे. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात या मार्गाने २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, यावरून त्याचा प्रसार ध्यानात येईल. येथे वचन देणारी संस्था म्हणजे आपली बँक होय. बँक अडचणीत आल्यास प्रत्येक ठेवीदारास मिळणारी विम्याची मर्यादा २०२० साली ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली.

दुसरी गोष्ट डिजिटल रुपया. हे खरोखरीचे नवे चलन आहे. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ‘बँकनोट’ या संज्ञेत डिजिटल स्वरूपाचा समावेश झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बँकांच्या आपसांतील मोठ्या व्यवहारांसाठी व १ डिसेंबरला सर्वसामान्यांसाठी रिझर्व्ह बँकेने प्रायोगिक प्रारंभ केला. आरंभी मुंबई, नवी दिल्ली, बंगळुरू व भुवनेश्वर ही चार शहरे निवडण्यात आली. हा रुपया नोटा-नाण्यांच्याच दर्शनी किमतींत मोबाइलमधील पाकिटात राहतो आणि त्यावर व्याज मिळत नाही. यामागे बँकेचे नव्हे, तर नोटेप्रमाणे थेट रिझर्व्ह बँकेचे वचन असते. यूपीआयने पैसे देणे म्हणजे बँकेस चिठ्ठी लिहिण्यासारखे आहे. डिजिटल रुपया देणे म्हणजे खिशातील नोट काढून देण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट बिटकॉइनसारखी कूटचलने. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक टिपण प्रसिद्ध झाले व ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचा आरंभ झाला. त्यामागील युक्ती शिक्षकास समजण्यास अवघड नाही. समजा, गावाच्या देण्याघेण्याची एकच वही एका माणसाकडे न ठेवता तिची प्रत प्रत्येक घरी ठेवली. प्रत्येक नव्या पानावर मागील पानाच्या मजकुरावरून काढलेला एक ताळा लिहिला. म्हणजे जुन्या पानावरील एक आकडा कोणी खोडला तरी पुढील सर्व पानांचे ताळे चुकतील आणि लबाडी उघडी पडेल. जगभरच्या संगणकांवर ठेवलेली अशी साखळीवही म्हणजे ब्लॉकचेन होय. बिटकॉइनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही, असे तिच्या नियमांतच ठरलेले आहे.

वरील तीन प्रश्न येथे लावून पाहावेत. नक्कल व वाढ या प्रश्नास बिटकॉइनने चतुर उत्तर दिले आहे. परंतु वचन कोणी दिले, या प्रश्नाचे उत्तर ‘कोणीही नाही’ असे आहे, आणि म्हणून दाद मागावयास दारही नाही. किंमत केवळ घेणाऱ्यांच्या इच्छेवर चढते व उतरते. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये एका बिटकॉइनचा भाव ६८ हजार डॉलरांच्या वर गेला होता. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तो १७ हजारांच्या खाली आला. एका वर्षात रुपयाची पावली झाली. ज्या मापाची लांबी रोज बदलते, त्याने कापड मोजता येत नाही. त्याचप्रमाणे असे नाणे सट्ट्याची वस्तू होऊ शकते, परंतु मजुरी ठरविण्यास किंवा उधारी लिहिण्यास उपयोगी पडत नाही. एल साल्वाडोर या देशाने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. २०२५ च्या जानेवारीत कायदा बदलून ते स्वीकारण्याची सक्ती काढून टाकावी लागली.

आपल्या देशात रिझर्व्ह बँकेने २०१८ साली बँकांना अशा व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. पुढे २०२२ च्या अर्थसंकल्पाने या व्यवहारांतील नफ्यावर शेकडा ३० कर बसविला. ‘सरकार कर घेते, त्या अर्थी हे सरकारमान्य चलन आहे’ असे काही दलाल सांगतात. हा तर्क फसवा आहे. लॉटरीच्या बक्षिसावरही कर असतो; म्हणून सरकारने लॉटरी लागण्याची हमी दिली, असे कोणी म्हणत नाही.

३. भवितव्यातील आशा

डिजिटल रुपयाचे आजचे प्रमाण अल्प आहे. मार्च २०२५ अखेर सुमारे १,०१६ कोटी रुपयांचे असे चलन प्रचारात होते, तर कागदी नोटांचे मूल्य ३६ लाख कोटी रुपयांहून अधिक होते. म्हणजे दहा हजार रुपयांच्या नोटांमागे डिजिटल रुपया तीन रुपयेही नव्हता. तथापि रोपट्याची आजची उंची पाहून झाडाचा अंदाज बांधू नये.

पहिली आशा दुर्गम गावांसंबंधी आहे. जेथे मोबाइलची लहर पोचत नाही, तेथेही चालेल असा डिजिटल रुपया प्रयोगात आणण्याचे रिझर्व्ह बँकेने २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केले. सातपुड्यातील किंवा गडचिरोलीतील पाड्यास याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. दुसरी आशा परदेशांतून येणाऱ्या पैशासंबंधी आहे. परदेशी काम करणारा मनुष्य घरी पैसे धाडतो, तेव्हा जगाच्या सरासरीने शंभरांतील सहाहून अधिक रुपये वाटेतच खर्ची पडतात. दोन देशांची डिजिटल चलने परस्परांशी थेट जोडली गेल्यास हा खर्च उतरू शकेल. तिसरी आशा शासकीय साहाय्याची आहे. ज्या कारणासाठी पैसा दिला त्याच कारणी तो लागावा, अशी अट चलनातच घालता येते.

४. आशेच्या पोटातील धोके

परंतु प्रत्येक सोयीच्या पोटात एक धोका असतो. अट घातलेल्या पैशाचेच पाहा. खते-बियाण्यांसाठी मिळालेला पैसा खतांवरच खर्च व्हावा, हे योग्य दिसते. परंतु त्याच आठवड्यात मूल तापाने फणफणले, तर बाप तो पैसा औषधाच्या दुकानी वापरू शकणार नाही. अट कोणी घालावी व अडचणीच्या वेळी ती कोणी उठवावी, हा प्रश्न यंत्राचा नसून न्यायाचा आहे.

दुसरा धोका खाजगीपणाचा. नोटेवर नाव नसते. ती कोणाकडून कोणाकडे गेली याची नोंद राहत नाही. डिजिटल व्यवहाराची खूण मात्र मागे राहते. लहान रकमांच्या व्यवहारांत रोखीसारखी गुप्तता राखण्याचा विचार रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या आपल्या टिपणात मांडला आहे. तो प्रत्यक्षात कितपत उतरतो, यावर लोकांचा विश्वास अवलंबून राहील.

तिसरा धोका यंत्रावर विसंबण्याचा. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन व पोर्तुगाल या देशांत वीज गेली, तेव्हा कार्डे निरुपयोगी होऊन ज्यांच्या खिशात नोटा होत्या त्यांचाच बाजार झाला. २०१९ च्या ऑगस्टमधील कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात कित्येक गावांची वीज खंडित झाली होती. अशा वेळी घरातील थोडी रोख रक्कम हाच आधार असतो. म्हणून डिजिटल चलन रोखीच्या जोडीस यावे, रोखीचा उच्छेद करू नये.

चौथा धोका प्राथमिक शिक्षणाशी थेट निगडित असून त्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. लिहिता-वाचता न येणारी वृद्ध स्त्री नोट रंगावरून, आकारावरून ओळखते. दृष्टिहीन मनुष्य नोटेवरील उठावाची खूण चाचपतो. नोटेवर रक्कम सतरा भाषांत छापलेली असते. म्हणजे कागदी चलन निरक्षरासही हाताशी धरून चालत होते. पडद्यावर मात्र पाचशे व पाच हजार यांचा रंग एकच, आकार एकच. भेद केवळ एका शून्याचा. स्थानिक किंमत कळली तर तो भेद दिसतो, न कळली तर दिसत नाही. हाताने व डोळ्याने होणारी पारख संपून ती सर्वस्वी अंकज्ञानावर व वाचनावर आली आहे. जुन्या व्यवहारात निरक्षर मनुष्य अडत असे. नव्या व्यवहारात तो लुबाडला जाईल.

आज कित्येक घरांत आजीचा मोबाइल वाचून दाखविणारे माणूस म्हणजे तिसरी-चौथीत शिकणारे नातवंड असते. त्या मुलाने ‘जमा’ व ‘वजा’ हे शब्द नीट वाचले किंवा न वाचले, यावर त्या घरातील निराधार वेतनाचा महिना अवलंबून असतो.

५. नाण्याच्या नावाखालील लूट

खऱ्या कूटचलनाचे धोके सांगितले. परंतु खेड्यापर्यंत जे पोचते ते बहुधा खरे कूटचलनही नसते. त्याचे केवळ नाव असते. ‘वनकॉइन’ नावाची योजना २०१४ नंतर अनेक देशांत पसरली. या नाण्यामागे साखळीवही मुळी नव्हतीच. नवे सभासद आणा व दलाली घ्या, एवढाच तिचा आधार होता. लोकांचे सुमारे चारशे कोटी डॉलर बुडाले. तिची प्रवर्तक रूजा इग्नातोव्हा ही २०१७ च्या ऑक्टोबरपासून बेपत्ता आहे. तिच्या सहकाऱ्यास अमेरिकेतील न्यायालयाने २०२३ साली वीस वर्षांची शिक्षा दिली. ही गोष्ट दूरची नव्हे. २०१७ च्या एप्रिलमध्ये नवी मुंबईत याच योजनेच्या प्रचारसभेवर पोलिसांनी कारवाई करून अनेकांस अटक केली होती.

अशा योजनांचे प्रचारक गावात आले की प्रथम प्रतिष्ठित माणसाचा शोध घेतात. शिक्षकास नियमित वेतन असते, ओळखी असतात, आणि त्याच्या शब्दास किंमत असते. एका शिक्षकाने पैसे गुंतविले की मागोमाग पालक, बचत गटातील भगिनी व माजी विद्यार्थी येतात. योजना बुडाली की पैसा तर जातोच. शिवाय शाळेवरील विश्वासास जो तडा जातो तो सांधत नाही. म्हणून अपरिचित योजनेत स्वतः न पडणे ही शिक्षकाची खाजगी सावधगिरी असली, तरी तिचे नाव पुढे न करणे हे त्याचे सार्वजनिक कर्तव्य आहे. ठराविक मुदतीत पैसे दुप्पट करून देण्याची हमी व नवे सभासद आणल्याबद्दल दलाली, ही दोन लक्षणे एकत्र दिसली की आणखी चौकशीचे कारण राहत नाही.

६. शाळेने काय करावे

यासाठी नवा विषय, नवा तास किंवा यंत्रसामग्री यांची गरज नाही. चालू अभ्यासक्रमातच पुढील गोष्टी साधता येतील.

(अ) गणिताच्या तासास स्थानिक किंमत शिकविताना ५००, ५,००० व ५०,००० या रकमा फळ्यावर सारख्याच आकारात लिहून त्या मोठ्याने वाचवून घ्याव्यात. एक शून्य वाढल्याने किती शेर धान्याचा किंवा किती दिवसांच्या मजुरीचा फरक पडतो, हे मुलांकडूनच काढवावे.

(आ) शाळेत बाल आनंद मेळावा किंवा बालबाजार भरतो, तेव्हा एका दुकानी कागदी नोटांऐवजी वहीतील जमा-वजा नोंदीवर व्यवहार चालवावा. वही एकाकडे असली तर काय होते व तिच्या प्रती पाच जणांकडे असल्या तर काय होते, हे मुलांस अनुभवाने कळेल.

(इ) भाषेच्या तासास बँकेकडून येणाऱ्या संदेशांच्या धर्तीवर लहान वाक्ये तयार करून वाचनास द्यावीत. ‘खात्यात जमा झाले’, ‘खात्यातून वजा झाले’, ‘पैसे मागितले आहेत’ या तीन वाक्यांतील भेद प्रत्येक मुलास सांगता आला पाहिजे.

(ई) पालकसभेत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगाव्यात. पैसे घेण्यासाठी पिन कधीही द्यावा लागत नाही. तो केवळ पैसे देण्यासाठी असतो. ओटीपी कोणासही, बँकेचा मनुष्य म्हणविणाऱ्यासही सांगू नये. फसवणूक झाल्यास लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पैसा दुसऱ्या खात्यांतून पुढे निघून जाण्यापूर्वी तो अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

(उ) मुलांस पिन सांगू नये व मुलांनीही तो मागू नये, हा नियम घरोघरी पोचवावा. मुलाने वाचून दाखवावे. पिन मात्र ज्याचे खाते त्यानेच टाकावा.

डिजिटल चलन येणार की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ते निरनिराळ्या रूपांत आलेले आहे. त्याचे भवितव्य मध्यवर्ती बँका, कायदे व यंत्रे मिळून घडवितील. परंतु ते गावातील शेवटच्या घरी सोय म्हणून पोचते की संकट म्हणून, हे त्या घरातील मुलास आकडा वाचता येतो किंवा नाही आणि ‘हे वचन कोणाचे?’ असे विचारण्याची सवय त्यास लागली आहे किंवा नाही, यावर ठरेल. पहिली गोष्ट अंकगणिताची व दुसरी विवेकाची आहे, आणि या दोन्ही शिकविणे हे प्राथमिक शाळेचे काम आरंभापासूनच आहे.